लगाम राहून गेले

माझं आयुष्य घण मारण्यात गेलं. लिहिणं नीट जमेल असं वाटत नाही. पण दिफिलसबद्दल दुसरं कोण लिहिणार?

रोममध्ये जूनोच्या देवळाशेजारी आमची टाकसाळ. चांदीच्या दिनारांचे ठसे दिफिलस कोरायचा. ठशात सगळं उलटं आणि खोल. देवीच्या कानातलं डूल कोरताना तो श्वास रोखून धरायचा आणि झालं की एकटाच हसायचा.

म्हातारपणी त्याची नजर अधू झाली. मुकादमाला कळलं असतं तर कोरणी काढून घेऊन त्याला भट्टीवर धाडलं असतं. म्हणून तो बोटांनी चाचपून कोरत राहिला आणि आम्ही गप्प राहिलो. शेजारी बसणारा त्रिफो तेवढा चिडवायचा, "काय म्हातारबा, आज घोडा की बकरी?"

"तुझंच तोंड काढतोय. बकरीच होणार."

त्या वर्षी चंद्रदेवीचा दोन घोड्यांचा रथ हवा होता. ठसा झाल्यावर रिवाजाप्रमाणे मी आधी शिशाच्या चकतीवर घाव घातला. काय घोडे उधळले होते! मुकादमाने चकती उन्हात धरली.

"लगाम कुठे आहेत रे?"

देवीचे हात पुढे होते, पण रिकामे. केसासारख्या त्या रेघा राहूनच गेल्या होत्या.

"चंद्राचे घोडे ते, मालक," मी कसंबसं म्हणालो. "त्यांना वाट पाठ असते."

मुकादम हसला नाही. "दिफिलस, तुला दिसत नाही का?"

"नाही, मालक. बरेच दिवस झाले."

मुकादमाने त्याची कोरणी उचलून त्रिफोसमोर ठेवली. "लगाम तू घाल. म्हातारा उद्यापासून भट्टीवर."

त्रिफोने कोरणीला हात लावला नाही. "घोडे त्याचे आहेत, मालक. लगाम कुठून जातात ते त्यालाच ठाऊक. त्याला माझ्याजवळच राहू द्या."

"ठसा बिघडला तर दोघेही भट्टीवर," मुकादम म्हणाला; पण तिथेच उभा राहिला.

त्रिफोने म्हाताऱ्याचं बोट धरून ठशावर टेकवलं. "इथून?"

"जरा वर, गधड्या. मानेला घासून जाऊ दे."

दिफिलसचं नख पुढे सरकत होतं, त्यामागून त्रिफोची कोरणी. धक्क्याने त्यांचा हात हलू नये म्हणून मी घण खाली ठेवला. हळूहळू इतरांचेही घण थांबले. ठशावर सावली पडू नये म्हणून मुकादम बाजूला सरकला.