विट्याचे अण्णा आणि त्यांचे स्वामी

"आवं, गायलं त्यांनी, पर केलं कुणी?"

आमच्या बैठकीतलं अण्णांचं हे पहिलं वाक्य. सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या घरी महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही चारपाच गाणंवेडी माणसं जमतो. प्रत्येकानं आपल्या आवडीची एखादी चीज इतरांना ऐकवायची, असा परिपाठ आहे. त्या दिवशी मी बिहागातली एक बंदिश लावली होती. ती संपल्यावर नेहमीप्रमाणे आमचं सुरू झालं: आवाज काय लागलाय, घराणं कोणतं, साथीला कोण. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या नव्या पाहुण्यांनी हा प्रश्न टाकला. पांढराशुभ्र सदरा, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे आणि तोंडात अस्सल विट्याची बोली, अशी ती मूर्ती होती.

आमचे नाना मूळचे साताऱ्याचे, निवृत्त इंजिनिअर आणि बैठकीचे स्वयंघोषित न्यायाधीश. ते घसा साफ करून म्हणाले, "पारंपरिक बंदिश आहे ती."

"पारंपरिक म्हंजी? कुणाच्या तरी पोटी जल्मली आसंलच की!"

आम्ही हसलो खरं. आम्हाला गाणारे पाठ होते. गाणं रचणाऱ्याची चौकशी आम्ही कधी केलीच नव्हती. मला थोडा रागच आला. घरी जाताना मात्र अण्णांनी येताना तासगावला उतरून मुद्दाम घेतलेले बेदाणे माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "बाई, पुढच्या बारीला माझं एक लावतो. शेवटपत्तोर ऐका, मग शिव्या घाला." बेदाण्यांसमोर माझा राग टिकला नाही.

अण्णा गलाईवाले. विट्याची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. अण्णा मिसरूड फुटायच्या आत चुलत्याबरोबर तमिळनाडूत कुंभकोणमला गेले आणि तिथलेच झाले. त्यांच्या दुकानाच्या भिंतीपलीकडे एक म्हातारी पाटी, म्हणजे आजी, मुलींना कर्नाटक संगीत शिकवायची. भट्टीवर सोन्याची मूस चढवली की जागचं हलता येत नाही, त्यामुळे रोज सकाळी अण्णांच्या कानावर तेच गाणं पडायचं. "गाणं तेलगू, शिकवणारी तमिळ आन् ऐकणारा विट्याचा," ते सांगत. "चार म्हैनं आवाज बंद कर म्हनायचं मनात यायचं. मंग पाटी आजारी पडली आन् गाणं बंद झालं. तवा मला जेवण जाईना. म्हनलं, ह्ये काय लागलं मला?"

ते गाणं ज्यांनी रचलं त्यांचं नाव अण्णा कधीच घेत नसत. बायकोनं नवऱ्याचं घेऊ नये तसं. "आमचे स्वामी" एवढंच म्हणत. स्वामींनी हे कधी केलं असेल, घरात काय दुःख असेल, देवाला एवढं टाकून बोलायची वेळ का आली असेल, असं ते तासन्‌तास बोलत. ऐकणाऱ्याला वाटावं, दोनशे वर्षांपूर्वीचे हे स्वामी यांच्या गल्लीत पलीकडच्या घरात राहत होते. त्यांच्या नादानं मीही आमच्या बंदिशी कुणी केल्या ते शोधू लागले. बंदिशीत लपवलेलं रचनाकाराचं टोपणनाव सापडलं की मी उड्या मारत अण्णांना फोन करायची. "शरी, शरी," ते तमिळमध्ये शाबासकी देत, "आता लेकराचा बाप वळखीचा झाला तुमच्या."

नानांशी मात्र त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. अण्णा ऐकताना मांडीवर ताल धरत. थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, पुन्हा थाप आणि पालथा हात. नानांना ते बघवत नसे. "अण्णा, हे गाणं आहे की पाढे?" ते विचारत. अण्णांचं उत्तर ठरलेलं असे: "सोनंबी मोजूनच घ्यावं लागतंय, नाना. अंगावर घातल्यावर कोण मोजतंय?" यावर नाना चहा मागत, आणि अण्णा माझ्या चहाला नाक मुरडून स्वयंपाकघरात स्वतःची कॉफी करायला जात.

बायको गेल्यावर मुलाच्या हाती दुकान देऊन अण्णा विट्याला परतले होते. गावात बंगला मोठा, पण त्यात सून शालन आणि ते असे दोघंच. आजूबाजूचे बंगलेही तसेच, मालक परमुलखात आणि दाराला कुलूप. तिकडे कुंभकोणमला संध्याकाळी देवळाच्या पायरीवर त्यांचे चार सोबती असत, गाणं ऐकून त्यावर भांडायला. इथे कुणी नव्हतं. म्हणून हा माणूस सत्तरी उलटल्यावर दर महिन्याला एसटीचे धक्के खात सांगलीला येई. एकदा उतरताना गुडघा फुटला, तर रक्त पुसून तसाच बैठकीला आला. मी रागावले. ते म्हणाले, "गाणं वाटून खायाचं आसतंय, बाई. येकट्यानं खाल्लं तर पोट भरतं, पर तोंडाला चव न्हाई येत."

गेल्या वर्षापासून त्यांना कमी ऐकू यायला लागलं. आयुष्यभर भट्टीच्या ब्लोअरशेजारी बसलेला माणूस. शालननं कानाचं मशीन आणून दिलं. त्यानं बोलणं कळे, पण गाण्याचं मातेरं होई. "वीणा वाजतीया का पत्र्याव खिळं सांडल्यात, कळत न्हाई," असं म्हणून ते बैठकीत मशीन खिशात ठेवत आणि स्पीकरला कान लावून बसत. आम्ही आवाज वाढवत गेलो. शेजाऱ्यांनी तक्रार केली, तरी वाढवत गेलो.

आणि मग तो रविवार आला. अण्णांची पाळी होती. त्यांनी आपला फोन स्पीकरला जोडला, पाटीच्या भिंतीपलीकडून ऐकलेलं ते गाणं लावलं, डोळे मिटले आणि मांडीवर थाप दिली. खोलीत काहीच ऐकू आलं नाही. फोनचा आवाज खिशात कुठेतरी दाबला जाऊन पार तळाला गेला होता. पडद्यावरची रेघ मुकाट्यानं पुढे सरकत होती.

आमच्या बैठकीचा एक नियम आहे: गाणं सुरू झालं की संपेपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही. आधी वाटलं, सगळे नियमामुळेच गप्प आहेत. नानांनी आवाज वाढवायला हात पुढे केला. फोनपर्यंत पोचलेला तो हात त्यांनी अण्णांच्या चेहऱ्याकडे बघून मागे घेतला. अण्णांच्या चेहऱ्यावर गाणं चाललं होतं. पल्लवीचं धृपद संपून अनुपल्लवीच्या अंतऱ्यात सूर वर चढतो तिथे त्यांच्या भुवया वर गेल्या. शेवटचं चरणम्, म्हणजे आपलं कडवं म्हणा, तिथे स्वामी देवाला विचारतात की माझी दया तुला कशी येत नाही. तिथे अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते गाणं मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं की कुठली ओळ चालली आहे ते मला कळत होतं. मी नानांकडे पाहिलं. पाढ्यांना हसणारे नाना करंगळी, अनामिका, मधलं बोट असा ताल धरून बसले होते, चुकत चुकत.

अण्णांनी डोळे उघडले. "कसं वाटलं?"

नाना त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज पहिल्यांदा कळलं हो मला."

काय खुलले अण्णा! त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी कॉफी केली.

दुसऱ्या दिवशी घरी त्यांनी तेच गाणं पुन्हा लावलं आणि शालन सहज बोलून गेली, "मामा, आवाजच न्हाई की तुमच्या फोनला." पुढच्या बैठकीला अण्णा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी नाना आणि मी विट्याला गेलो. अण्णा सोप्यात खुर्चीवर बसले होते. कान गेलेली माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"तुमास्नी काय बी न ऐकवता बसवून ठिवलं की वो मी!"

"ऐकलं आम्ही, अण्णा!" नाना ओरडले. एवढं ओरडून बोललं की खरंही खोटं वाटतं.

"नाना, लय ग्वाड खोटं बोलता. मला कीव नगं. माझं गाणं हितं आत वाजतंय, त्ये तुमाला ऐकू येत न्हाई. तुमचं भाईर वाजतंय, त्ये मला येत न्हाई. मंग यष्टीनं येऊन करू काय? बेदाणं वाटू?"

मग नानांनीच एक केलं. त्यांनी अण्णांना दाखवून माझ्या फोनवर ते गाणं लावलं आणि अण्णांचा हात ओढून त्यांच्या तळव्यावर ताल द्यायला लागले. अण्णा आधी चिडले. मग दोन आवर्तनांनी म्हणाले, "नाना, येक बोट खाल्लंसा." त्यांना कळलं होतं, आम्ही गाण्यात कुठे आहोत ते! बाहेरचं आमचं आणि आतलं त्यांचं गाणं तळव्यावर जुळलं होतं. ते हसले आणि मग खूप रडले. नानाही रडले. मी तर रडतच होते.

त्यानंतर बैठक विट्याला भरू लागली. कधी सगळे, कधी आम्ही दोघंच. हिवाळ्यात नानांचे गुडघे धरले आणि मी एकटी गेले. अण्णा वाळून गेले होते. कानात सारखी शीळ वाजते, असं म्हणत होते. मी गाणं लावलं, तळव्यावर ताल धरला. अनुपल्लवीत त्यांच्या भुवया वर गेल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. त्या डोळ्यांत मी पूर्वी कधी न पाहिलेली भीती होती.

"बाई, आतलंबी पुसाय लागलंय. शिट्टीच वाजतीया नुसती. कुठं पोचलं गाणं?"

मी कानाशी वाकून सांगितलं, "अनुपल्लवी संपत आली, अण्णा."

"व्हय? स्वामी वर गेलं का?"

"गेले. आता खाली येतायत."

मग मी ताल सोडला आणि त्यांना गाणं सांगत बसले. आता पल्लवी परत आली. आता व्हायोलिन एकटंच आहे. आता गाणाऱ्यानं तीच ओळ पुन्हा घेतली, जरा वेगळी. ते लहान मुलासारखे दर वेळी विचारत, "आन् आता?" मी म्हटलं, "आता चरणम् आलं." "आलं?" असं म्हणून त्यांनी माझा हात घट्ट धरला. डोळ्यांतून पाणी आलं तेही बरोबर जागेवर, मी सांगितलं म्हणून.

त्यानंतर पंधरवड्याच्या आतच अण्णा गेले. शालनचा फोन आला तेव्हा मी आणि नाना पहिल्या एसटीनं विट्याला गेलो. नाना वाटभर खिडकीबाहेर बघत होते.

बैठक पुन्हा माझ्या घरी भरते. मी बिहाग लावते, केदार लावते, बंदिश कुणी केली तेही सगळ्यांना सांगते. अण्णांचं गाणं मात्र मला लावता येत नाही. परवा एकदा एकटीनंच धीर करून लावलं होतं. अनुपल्लवी सुरू झाली, आणि "वर गेले, अण्णा" असं मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाले.