व्हिडिओतला वरचा पंचम

ज्या व्हिडिओमुळे ताईंना युरोपातल्या सहा शहरांतून गाण्याचं बोलावणं आलं, त्यात सहाव्या मिनिटाला एक लांब पंचम आहे. पटदीपाच्या अंतऱ्यात, पार वरच्या सप्तकातला. खालच्या प्रतिक्रियांमध्ये लोकांनी त्याच्याबद्दल बरंच लिहिलंय. कुणी काटा आला म्हणतं, कुणी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकतं. पडद्यावर त्या वेळी ताई दिसतात, मान भिंतीकडे वळलेली, डोळे मिटलेले. पंचम माझा आहे.

ताई म्हणजे माझ्या गुरू. वयाने माझ्याहून नऊच वर्षांनी मोठ्या, म्हणून सगळ्या शिष्या त्यांना ताई म्हणायच्या. पिरंगुटच्या पुढे, मुळशी तालुक्यातल्या मुठा गावात त्यांनी एक बंगला भाड्याने घेतला होता. शनिवार-रविवार आजूबाजूच्या बंगल्यांत पुण्याहून आलेली माणसं स्पीकर लावायची, बाकी पाच दिवस शांतता. मी ते पाच दिवस तिथे राहायचे आणि सुटीला हिंजवडीला, आमच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी जायचे. आई-बाबा दोघंही तिथल्या कंपन्यांत, मूळचे लातूरचे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. ताईंकडे लागले तेव्हा मी बंदिशी रोमन लिपीत लिहून घ्यायचे. ताई वही इतरांना दाखवून हसवायच्या. पुढे त्याच इंग्रजीवर त्यांचं काम चालायला लागलं. परदेशातल्या आयोजकांना जाणारी प्रत्येक मेल मी लिहायचे, त्यांच्या नावाने, त्यांच्या खात्यावरून.

तानपुरा घेऊन मागे बसणाऱ्या शिष्येचं काम नुसतं तारा छेडण्याचं नसतं. पुढची गायिका श्वास घेते, किंवा वरच्या सुरावर तिचा आवाज दमतो, तेव्हा ती डावा हात जरासा मागे करते. त्याचा अर्थ, घे. मग मागचीने तो सूर उचलायचा आणि असा मिसळायचा की ऐकणाऱ्याला जोड कळता कामा नये. हात आला नाही तर गायचं नाही. हे कुणी बसवून शिकवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

त्या वर्षी ताईंच्या गळ्यात गाठी झाल्या होत्या. डॉक्टरांनी सहा महिने गाणं बंद ठेवायला सांगितलं होतं. हे मला आणि स्वयंपाकाच्या मावशींना सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. व्हिडिओचं रेकॉर्डिंग त्याच दिवसांत झालं. पंचमाला हात मागे आला आणि मी गायले. ध्वनीची जुळवाजुळव माझ्याच लॅपटॉपवर व्हायची. ताई शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"तुझा आवाज तिथे वर घे, माझा खाली," त्या म्हणाल्या.

"ताई, मग तो सरळ माझाच ऐकू येईल."

"लोकांना गाणं ऐकायचंय, हजेरी नाही घ्यायची."

मी घेतला. ती चूक माझी आहे आणि मी ती खुशीने केली. कुणीतरी माझा पंचम ऐकणार, एवढंच मला तेव्हा दिसत होतं. व्हिडिओखाली गायन, तबला, संवादिनी अशी नावं आली. तानपुऱ्याचं नाव नव्हतं. ते बहुतेकदा नसतंच.

मावशींनी मात्र फोनवर एकदा ऐकून मला धरलं. "हा तुजा आवाज हाय."

"नाही हो मावशी, ताईंचा आहे."

"व्हय? मग माजंच कान गेलं म्हनायचं. पाटं माडीवर कोन केकाटतं? मी भाकरी थापताना ऐकती की रोज."

मी पाण्याचा तांब्या भरायला वळले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "लई गरीब हायेस बाई तू. कुटं निभावनार तुजं?"

बोलावणं आलं तेव्हा ताईंनी सगळ्या शिष्यांसमोर जाहीर केलं, की मी मागे तानपुऱ्यावर येणार आणि सहापैकी दोन शहरांत सुरुवातीचा अर्धा तास माझा असणार. माझ्या नावाने. मी त्या अर्ध्या तासाचा भीमपलास घड्याळ लावून बसवायला घेतला. पासपोर्ट काढला. बाबांनी ऑफिसात पेढे वाटले. आमच्या घरात आजवर कुणी गाण्यासाठी मुंबईलाही गेलं नव्हतं.

मग पुण्यात एक कार्यक्रम झाला. संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ ताईंच्या पाया पडायला आले आणि पडता पडता म्हणाले, "मागे कोण होती हो? वरचा सूर काय लागतो पोरीचा!" ताई हसल्या. मी तानपुऱ्याला गवसणी चढवत होते. त्यांचं हसणं किती वेळ टिकलं, हे मी पाहिलं.

दोन दिवसांनी पोहे खाताना त्या म्हणाल्या, "अगं, त्या युरोपवाल्यांना एक मेल टाक. तानपुरेवाली येणार नाही म्हणावं. ॲपवर भागवू."

"ताई, पण मी..."

"तुझं वय काय, घाई काय? तोवर माझा गळाही बरा होईल. पुढच्या वेळी नक्की. आणि नीट लिही हं, तुझं इंग्लिश छान आहे."

तानपुरा वाजवणारीची आवश्यकता नाही, असं मी माझ्याचबद्दल स्वच्छ इंग्रजीत लिहिलं, एकदा वाचून पाहिलं आणि पाठवलं. मग पोह्यांच्या बशा उचलून मोरीत ठेवल्या. रडू आलं नाही. त्या दिवसापासून मी संधीची वाट पाहत होते, हे मात्र मला स्पष्ट आठवतं.

संधी मेलमधूनच आली. ज्या महोत्सवाचं बोलावणं होतं, त्याच्या प्रमुख बाई फेब्रुवारीत भारतात येणार होत्या. करार करण्याआधी तासभर प्रत्यक्ष ऐकायचं होतं, कुठे ऐकता येईल, असं त्यांनी विचारलं होतं. ताई म्हणाल्या, "पुण्यात चांगल्या साउंडचा हॉल बघू. आणि राग मी ठरवेन, खर्जातला काहीतरी." मी मान हलवली आणि वर जाऊन लिहिलं, की आपण आमच्या मुळशीतल्या घरी यावं, जुन्या पद्धतीची बैठक ठेवू, माइकशिवाय, आणि व्हिडिओतलाच पटदीप ऐकवू. खाली ताईंचं नाव टाकलं. उत्तर लगेच आलं. बाई फारच खूश झाल्या होत्या. खाली येऊन मी ताईंना सांगितलं, "त्यांना घरीच ऐकायचंय. माइक नको म्हणतात. आणि पटदीप मागितलाय."

ताईंनी गळ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "बरं. पण मग त्या दिवशी तू हवीस मागे. मला आधार लागेल."

एवढं सगळं करूनही त्यांना मला हे सांगताना काही वाटलं नाही. तोवर माझ्या मनात थोडी चलबिचल होती, ती तिथे संपली.

बैठक दुपारी चारला होती. पंधरा-सोळा माणसं, खाली सतरंजी, पाहुण्या बाईंना गुडघ्यांमुळे वेताची खुर्ची. मावशी दाराशी. मी तानपुरे मन लावून लावले. त्यात कसूर केली असती तर कुणीही मला दोष दिला असता.

स्थायी छान झाली. ताईंचा खालचा आवाज अजून चांगला होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. अंतरा सुरू झाला. नी, सा, वर गंधार. गंधारावरच त्यांचा आवाज फाटला, कापडासारखा. डावा हात मागे आला.

मी तारा छेडत राहिले.

त्यांना वाटलं मला दिसलं नाही. पुन्हा तोच अंतरा, पुन्हा चढाई, पुन्हा हात. या वेळी बोटं हलवून. तबल्यावरच्या काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताईंच्या अंबाड्यावरच्या गजऱ्याकडे पाहत होते. तिसऱ्यांदा त्या मध्यमापर्यंत पोचल्या आणि तिथे नुसती हवा आली, सूर नाहीच. समोर कुणीतरी खोकलं. माझ्या मनात येत होतं, अजून एकदा. अजून एकदा जा वर.

त्या गेल्या नाहीत. खाली निषादावर आल्या आणि उरलेला वेळ तिथेच थांबल्या, निषाद फिरवून फिरवून. काही लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगला होता तो निषाद. मला तो अजूनही आवडत नाही.

चहाच्या वेळी पाहुण्या बाई ताईंजवळ बसल्या. त्यांनी खालच्या सुरांचं फार कौतुक केलं. मग हळूच विचारलं, की व्हिडिओतला तो वरचा सूर आज नव्हता, तब्येत बरी नाही का? मी इंग्रजीतून मराठी केलं.

"सर्दी झालीय म्हण," ताई म्हणाल्या.

मी सर्दी झालीय म्हटलं. चहाचा ट्रे घेऊन मावशी मधेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर्दी कशाची? त्यो आवाज ह्या पोरीचा हाय. ती आज गायलीच न्हाई."

"मावशी, आत जा तुम्ही," ताई म्हणाल्या.

"जाती की. खोटं बोलली का मी?"

पाहुण्या बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, त्या काय म्हणतायत? ताईंनीही माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत धाक होता, आणि त्याखाली दुसरं काहीतरी, जे मी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. साखरेबद्दल विचारतायत, एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता.

मी भाषांतर केलं. शब्दाला शब्द. शाळेत वर्गासमोर उभं राहून धडा वाचताना मी अडखळायचे. त्या दिवशी अडखळले नाही.

बाईंनी कप खाली ठेवला. "मग व्हिडिओतल्या आवाजांची ही जुळवाजुळव केली कुणी?"

"मी," मी म्हटलं.

असं विचारतील हे मी धरलंच नव्हतं. आठवडाभर मी फक्त ताईंच्या हाताचा आणि माझ्या गप्प बसण्याचा विचार केला होता. बाईंनी आळीपाळीने आम्हा दोघींकडे पाहिलं, आभार मानले, मावशींना हात जोडले आणि गाडीत बसल्या. तबल्याचे काका माझ्याशी न बोलता गेले.

मेल चौथ्या दिवशी आली, तेव्हा मी हिंजवडीला घरीच होते. ताईंचं खातं माझ्या लॅपटॉपवर उघडंच होतं, त्यामुळे नेहमीप्रमाणे ती आधी मी वाचली. या वर्षी दुसऱ्या कलाकाराला बोलावत आहोत, असं होतं. ज्यांनी मिळून एकदा फसवलं त्यांच्यावर पुन्हा भरवसा ठेवणं कठीण आहे, असंही. पत्र दोघींच्या नावे होतं. माझं नाव अगदी बरोबर लिहिलं होतं. मी ती मेल न वाचलेली म्हणून खूण केली आणि त्या खात्यातून कायमची बाहेर पडले.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. मी बाल्कनीत गेले. खाली कंपन्यांच्या गाड्या एकीला एक चिकटून उभ्या होत्या.

"वाचलंस?"

"हो."

"किती वर्षं शिकवलं तुला मी."

"सात."

"आता पुण्यात तुला गाण्यातलं कोणी दारात उभं करणार नाही. काकांनी सगळ्यांना सांगितलंय. कळतंय ना?"

"कळतंय."

"तुझाही अर्धा तास गेला."

"तो पोह्यांच्या दिवशीच गेला, ताई."

पलीकडे त्यांनी घसा खाकरला. गाठी अजून आहेत, हे मला त्या आवाजातच ऐकू आलं. पण मी फोन कानापासून दूर केला नाही, आणि वाईट वाटलं असं म्हटलंही नाही.

"मग मिळवलंस काय तू?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही जात नाही आहात," मी म्हटलं. "एवढं."