साडभाऊंची तिसरी प्रत

गोंदिया जिल्ह्यात यंत्रांवर सर्वांत कमी आणि माणसांवर सर्वांत जास्त भरवसा ठेवणारा माणूस कोण, असं कुणी मला विचारलं, तर मी डोळे मिटून आमच्या साडभाऊंकडे बोट दाखवीन. साडभाऊ म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. गोंदियात त्यांचं फोटो आणि व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं आणि घर कुडव्याला. लग्नात बाकीचे लोक नवरीचे दागिने बघत. हे बघत की शूटिंग कशावर साठवलं आहे आणि ते किती वर्षं टिकेल. मांडवात वधूवरांच्या डोक्यावर अक्षता टाकताना ते म्हणत, "तुमी टिकान जी, डीव्हीडीचं काई सांगता येत नाई." हा त्यांचा आशीर्वाद होता, आणि तो ते मनापासून देत.

कुठलंही यंत्र आज ना उद्या दगा देणार, हा त्यांचा सिद्धांत. तो समजावून सांगायला त्यांना स्थळकाळ लागत नसे. मी शाळामास्तर म्हणून माझ्यासाठी खास उदाहरणं असत. "गुरुजी, कॉम्प्युटरची रॅम म्हंजे तुमचा फळा. लाइट गेली का पुसला. टिकवायचं असन तर वहीत उतरवा लागते. या वह्या कितीक जातीच्या हायेत, ते पाहा." मग जाती सुरू होत. टेप म्हणजे बल्लारशाची पॅसेंजर. शेवटच्या स्टेशनावर उतरायचं तर मधली सगळी स्टेशनं घ्यावीच लागतात. हार्ड डिस्क तशी नाही. तिच्यात गुळगुळीत थाळ्या गरगर फिरतात, वर एक बारीक दांडी असते, ती थाळीला न टेकता केसाहून कमी अंतरावर तरंगते आणि लोहचुंबकानं लिहिते, वाचते. पाहिजे तिथे थेट जाते. हे दाखवायला एका पंगतीत त्यांनी माझं ताट गरकन फिरवलं होतं, वरणासकट. समोर वराचे मामा बसले होते. मामांचा सदरा पिवळा झाला, तरी साडभाऊ शांतच. "पाहा, दांडी थाळीले टेकली का असं होते," ते म्हणाले.

मेलेल्या हार्ड डिस्का ते फेकत नसत. खोलून आतली थाळी काढत आणि न्हाणीत खिळ्याला अडकवत. बिलोरी आरशाला लाजवील अशी ती चकचकीत असते. आमच्या साडभाऊंनी आयुष्यभर दाढी केली ती कुणाच्या तरी गेलेल्या लग्नाच्या शूटिंगमध्ये बघून.

सीडीच्या बाबतीत तर ते सोवळ्याचे. सीडी उजेडानं वाचली जाते. यंत्र बारीक किरण टाकतं आणि खाचेवरून व सपाटीवरून तो वेगवेगळा परत येतो, एवढंच तिचं गुपित. त्यामुळे चमकत्या बाजूला कुणी बोट लावलं की ते कळवळत. एकदा मी कामठ्याला माझ्या धानाच्या बांधीवर पाखरं हाकलायला जुन्या सीड्या टांगल्या होत्या. रस्त्यावरून स्कूटरनं चाललेल्या साडभाऊंना त्या दिसल्या. चिखल तुडवत ते बांधीत शिरले, सगळ्या उतरवल्या, घरी नेऊन मऊ कापडानं मधून बाहेर अशा पुसल्या, गोल नाही, आणि त्यातून आमच्याच शाळेचं एक स्नेहसंमेलन काढून दाखवलं. त्यात मी मुलांना रांगेत उभं करताना ओरडत होतो. "काऊन जी गुरुजी," ते म्हणाले, "याच्यानं पाखरं भेतीलच ना!"

यंत्र बेइमान, म्हणून उपाय एकच: प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती. तिन्ही वेगळ्या जातीच्या आणि वेगळ्या गावी. एक दुकानात हार्ड डिस्कवर, एक कुडव्याला डीव्हीडीवर आणि तिसरी एका पेन ड्राइव्हमध्ये, कुणातरी भरवशाच्या माणसाच्या घरी. "आग लागो का पूर येवो, तीन गावात एकाच दिवशी येत नाई." पेन ड्राइव्हमध्ये फिरणारं काहीच नसतं, बारीक बारीक कोठ्यांत वीज कोंडून ठेवलेली असते आणि वर्षानुवर्षं तसाच पडला तर ती झिरपून जाते. म्हणून वर्षातून एकदा ते घरोघरी जाऊन पेन ड्राइव्हना, त्यांच्या भाषेत, 'चारापाणी' करून येत. कुणाकडे काय ठेवलं, याची मात्र नोंद नाही. "लिहून ठेवलं म्हंजे त्या माणसावर शक घेतल्यासारखं झालं."

आता जे सांगायचं आहे, ते सांगतो.

आमच्या दोघांच्या सासूबाई छप्पन साली दीक्षेसाठी नागपूरला गेल्या होत्या. माझी बायको तेव्हा कडेवर. त्यांच्या अखेरच्या वर्षात साडभाऊंनी दोन दुपारी बसून त्यांच्याकडून ती सगळी हकिगत बोलवून घेतली. मी शेजारीच बसलो होतो. नेहमीप्रमाणे तीन प्रती झाल्या. तिसरी, निळ्या डबीतला पेन ड्राइव्ह, त्यांनी माझ्या हातात दिली. "हे मायचं हाये, गुरुजी."

पुढे सासूबाई गेल्या. त्यानंतर बुद्धपौर्णिमेला विहाराच्या लाउडस्पीकरवर लावायला मला गाणी भरून आणायची होती. हाताशी तोच पेन ड्राइव्ह होता. गोंदियाच्या मोबाइलवाल्यानं विचारलं, "गुरुजी, इसमें जगा नहीं है. पुराना उडा दूं क्या?" माझं लक्ष बाहेर लावलेल्या सायकलकडे होतं. मी म्हणालो, "उडव."

काही महिन्यांतच दुकानातली हार्ड डिस्क टकटक करू लागली आणि बसली. डीव्हीडी काढली तर तिचा चंदेरी थर बुरशीनं खाल्लेला. सासूबाईंच्या पुण्यस्मरणाला दोघी बहिणी माझ्या ओसरीवर आईचा आवाज ऐकायला बसल्या होत्या, आणि साडभाऊ हसत हसत आले. दोन प्रती गेल्या याचा त्यांना जवळजवळ आनंदच झाला होता. सिद्धांत खरा ठरला होता. "आना जी गुरुजी, ते निळी डब्बी! म्हून तं तीन करतो!"

मी म्हणालो, "माझ्याकडे? तुम्ही मला कधी दिली?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पकडणार. पण माझा संशय त्यांना शिवलाही नाही. त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "मंग म्या कुठं ठेवलो बाप्पा?"

त्यानंतर त्यांनी ओळखीचं एकही घर सोडलं नाही. चौकात लोक मजेनं विचारत, "काय जी, तिसरी कापी भेटली का?" मेहुणी माझ्या बायकोला सांगायची, "यायचं डोस्कं चालत नाई आता." साडभाऊ भिजवलेले बदाम खाऊ लागले, तळहातावर 'गॅस बंद केला' असं लिहू लागले. वर्षभरात त्यांनी दुकान दुसऱ्याला दिलं. अकरा वर्षं मी हे बघत होतो आणि बदाम कोणते चांगले, ते त्यांना सांगत होतो.

यंदा ते म्हणाले, डॉक्टरनं मेंदूचा फोटो काढायला सांगितला आहे. त्या दिवशी मी कपाट उघडलं, निळी डबी घेऊन कुडव्याला गेलो आणि सगळं सांगितलं.

"म्हंजे, म्या देल्लो होतो?"

"दिली होती."

"तुमाले?"

"मला."

ते उठले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "आयकलं का वं! म्या देल्लो होतो! माझं डोस्कं साबूत हाये!" इतका आनंद मी त्यांच्या पोरीच्या लग्नातही पाहिला नव्हता. मग त्यांनी पेन ड्राइव्ह लावून पाहिला आणि सवयीनं समजावू लागले. "पुसलं म्हंजे लगेच पुसत नाई, गुरुजी. अनुक्रमणिकेतलं नाव कटते, मजकूर तसाच राहते. त्याच्यावर दुसरं बसलं का मंग जाते. तुमी त्या दिवशी सांगतले असते तं मायचं बरंचसं..." इथे ते थांबले. मी तो पेन ड्राइव्ह दरवर्षी नव्या गाण्यांनी भरत आलो होतो. पेन ड्राइव्ह काढून डबीत ठेवत म्हणाले, "जाऊ द्या जी. चहा घ्या."

माझी बायको तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मग एके दिवशी तांदूळ निवडता निवडता तिनं विचारलं, "माय त्याच्यात काय म्हने, तेवढं तरी आठवते का?" तू तिरोड्यापर्यंत रडत होतीस आणि आगगाडीच्या डब्यातल्या कुण्या बाईनं तुला गुळाचा खडा दिला, एवढं मी सांगू शकलो.

साडभाऊ पूर्वीसारखे हसतात, येतात, बसतात. मेंदूचा फोटो काढायला ते गेले नाहीत. घरातली जुनी छायाचित्रं एकत्र करून पुन्हा तीन तीन प्रती चालू आहेत. कामठ्याची प्रत आमच्या शेजारच्या गिरणीवाल्याकडे असते. ती द्यायला आले की आधी माझ्याकडे चहा घेतात. डबी सदऱ्याच्या खिशात असते, कापडातून चौकोन दिसतो. मागच्या खेपेला मी म्हणालो, "एखादी आमच्याकडे ठेवा की."

"ठेवू ना जी, ठेवू," ते म्हणाले, अगदी प्रेमानं. मग चप्पल घातली आणि गिरणीकडे गेले. मी कपबश्या उचलून आत नेल्या.