गायरानातल्या गवताचं वय

आमच्या घराण्यातल्या सगळ्या गोष्टी माझ्या सांगून झाल्यात. चुलत्यानं मानवतच्या बाजारात स्वतःच्याच बैलाचा भाव केला होता ती. आत्या रुसून पोखर्णीच्या देवळात जाऊन बसली आणि तिथला प्रसाद आवडला म्हणून दोन दिवस परतलीच नाही, ती. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की पोरं म्हणतात, काका, सांगा. आणि काका सांगतात. एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला ठाऊक आहे, पण ते मी सांगितलं म्हणून नाही — ती तिथं होती म्हणून.

तुम्हाला सांगतो. तुम्ही आमच्या गावचे नाही, हे त्याचं एक कारण असेल. बघा, सुरुवातीलाच माझी नजर दाराकडं गेली.

आधी माझ्याबद्दल थोडं. ताडकळसच्या एका शाळेत मी कारकून आहे. पण गावाला मी लागतो तो साल सांगायला. कुणाची विहीर कधी खोदली, तुरीला शेंग धरली नाही ते वर्ष कोणतं, कुणाचा थोरला कोणत्या दुष्काळातला — लोक येऊन विचारतात. माझी रीत सोपी आहे. शोभाच्या, म्हणजे माझ्या पुतणीच्या, लग्नाआधी की नंतर? म्हशीला दुसरं रेडकू झालं तेव्हा, की त्याच्याही मागं? असं करत करत मी साल काढतो, आणि मी काढलेलं साल लोक कागदावरच्या सालापेक्षा खरं धरतात. याचा मला अभिमान होता. होता कशाला म्हणू — आहे.

तर, गवत.

आमचं तीन एकर रान गावच्या गायरानाला लागून आहे, मावळतीच्या अंगाला. मध्ये फक्त बांध. सहा वर्षांमागं एका कृषी प्रदर्शनात मी परदेशी चाऱ्याच्या गवताचं बी घेतलं. पुडीवर म्हशीचं चित्र होतं. आमच्या म्हशीपेक्षा बरीच देखणी. विकणारा म्हणाला, एकदा पेरलं की परत पेरायची गरज नाही. तो माणूस अगदी खरं बोलला होता.

मी आणि सुलोचनानं, माझ्या बायकोनं, ते बी बांधावर फेकलं. कुणाला सांगितलं नाही. आधी दूध वाढू द्यावं, मग गाव आपण होऊन विचारील, मग ऐटीत सांगू — असा माझा बेत. म्हशीनं महिनाभर खाल्लं. पुढं ताटं राठ झाली, पात्यांना धार आली आणि तिनं तोंड फिरवलं. म्हैस माझ्यापेक्षा शहाणी. तोवर गवतानं बी धरलं होतं, आणि वारा मावळतीचा.

एरवी कदाचित ते बांधापुरतंच राहिलं असतं. पण पाऊस आता पूर्वीचा कुठं राहिलाय? पेरणी झाली की महिना-महिना उघडीप, आणि पिकं काढायच्या वेळी एकदम ओतायचं. त्या उघडिपीत गायरानातली मारवेल, पवन्या ही आमची जुनी गवतं करपून जायची. हे मात्र हिरवंगार. पाऊस परतला की वर्षात दुसऱ्यांदा बी टाकायचं. चौथ्या वर्षी चौथाई गायरान त्याच्या ताब्यात गेलं. गावानं त्याला नावही दिलं — पाहुणं. पाहुणं आलं, बसलं, जाईना.

मग, आणलं कुणी? कुणी म्हणालं, रस्त्याच्या मुरुमातून आलं. कुणी म्हणालं, ऊसतोडीहून परतणाऱ्या ट्रॅक्टरांतून. ज्याचा ज्याच्याशी बांधावरून वाद, त्याचा त्याच्यावर संशय. आणि मी? मी सगळ्यांत मोठ्यानं बोलत होतो. एकदा पारावर म्हणालो, ज्यानं आणलं त्याच्याच हातानं सगळं उपटून घ्यावं. लोक हसले. मीही हसलो — आणि हसता हसता कोण हसलं नाही ते बघून ठेवलं.

त्याच आठवड्यात सगळं गाव एका लग्नाला गेलं. पोट दुखतंय म्हणून मी मागं राहिलो आणि भर उन्हात आमच्या बांधावरचं एकेक बेट कुदळीनं खणून जाळून टाकलं. एका दुपारचं काम होतं. लग्नाहून आलेली सुलोचना मोकळा बांध बघून एवढंच म्हणाली, "पोट लय लवकर बरं झालं की तुमचं."

त्या उन्हाळ्यात एका संस्थेच्या मॅडम आल्या. तिशीतल्या, हसतमुख, पाठीला पिशवी. त्यांना मी पहिल्या क्षणापासून ओळखून होतो, असं मला वाटत होतं. गवताचा अभ्यास करायला कोण येतं हो एवढ्या लांब? त्यांनी समाजमंदिराच्या फरशीवर खडूनं चौकोन आखले आणि प्रत्येकाला वीस-वीस चिंचोके दिले. म्हणाल्या, कुणी आणलं हे आपल्याला शोधायचं नाही. काय करायचं हे ठरवायचं आहे. नक्की कुणालाच ठाऊक नाही, म्हणून प्रत्येकानं आपला अंदाज चिंचोक्यांनी सांगायचा. जिथं जास्त शक्यता वाटते तिथं जास्त ठेवायचे.

कुणी आणलं हे शोधायचं नाही — हे ऐकल्यावर तर माझी खात्रीच पटली, ह्या शोधायलाच आल्यात. ज्याला शोधायचं नाही तो असं मुद्दाम सांगेल का?

पहिले चौकोन पावसाचे होते. येत्या वर्षांत पाऊस वेळच्या वेळी पडेल, मध्येच दडी मारील, की एकदम ओतील? बहुतेकांचे चिंचोके शेवटच्या दोन चौकोनांत. पहिल्यात एकही नाही, तेव्हा सरूआजी म्हणाली, "एक तरी ठिवा गं माय, त्याला बी बरं वाटंल," आणि आपला एक तिथं सरकवला. सगळे हसले. मी मॅडमच्या वहीकडं बघत होतो. प्रत्येकाच्या नावापुढं त्या काहीतरी लिहीत होत्या.

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. पाहुणं जुनं असेल आणि हळूहळू पसरत असेल, तर घाई नको. दरवर्षी कडेकडेनं थोडं काढत जायचं आणि जे बी वाहून नेतं त्याला आत येऊ द्यायचं नाही. पण ते नवं असेल आणि झपाट्यानं पसरत असेल, तर कडेनं काढून उपयोग नाही. यंदाच, बी धरायच्या आत, सगळ्या गावानं मिळून जिथून सुरुवात झाली तिथं घाव घालायचा. "बाकी अंदाज थोडे चुकले तरी चालेल," त्या म्हणाल्या. "हा एक चुकला तर निर्णयच बदलतो. ते पहिल्यांदा कधी दिसलं, आणि कुठं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. साल विचारलं होतं ना.

तुम्हाला काय सांगू — त्यांना गवताचा ठावठिकाणा हवा होता, मला वाटलं त्या माझा विचारताहेत. चार वर्षं म्हणालो तर कुणीतरी म्हणेल, चार वर्षांमागं तर तुमच्या बांधावर काहीतरी हिरवं होतं. तोंड उघडलं आणि गोष्ट आपोआप आली. आयुष्यभराची सवय. म्हणालो, शोभाच्या लग्नाचं साल. मांडवाला डहाळे आणायला मी गायरानाच्या उगवतीच्या टोकाला गेलो होतो, मारोतीची मेंढरं बसतात तिथं. तिथं असली दोन बेटं होती. एकाच्या पात्यानं अंगठा कापला, अंगठ्याला चिंधी बांधून मी वऱ्हाडाला पंगतीत वाढलं. अकरा वर्षं झाली.

अंगठा कापला होता, हे खरं आहे. विळीनं.

हा मारोती कोण, ते सांगायला हवं. माझ्याहून चार वर्षांनी लहान, घराला घर लागून. चाळीसेक मेंढरं, बापापासून गायरानावरच पोसलेली. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना उचलून उन्हात बसवायला हाच रोज सकाळी यायचा. मी शाळेत गेलेला असायचो. तो त्या दिवशी माझ्या शेजारीच बसला होता. फरशीवर गवताच्या वयाचे तीन चौकोन होते, आणि मी बोलायच्या आधीच त्यानं आपले वीसच्या वीस चिंचोके 'तीन-चार वर्षं' या चौकोनात ठेवले होते. गायरानावर दिवसभर असणारा तोच एक माणूस. त्याचं बरोबर होतं.

माझी गोष्ट ऐकून त्यानं आपल्या चिंचोक्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "मला तर तवा तिथं काई दिसलं न्हाई." मॅडमनं मान वर केली. आणि मारोतीच पुढं म्हणाला, "पर दादा म्हनतेत तर असंल. मह्या ध्यानात साल कुठं ऱ्हातंय." असं म्हणून त्यानं ओंजळीनं आपले चिंचोके उचलले आणि 'दहाच्या पुढं' या चौकोनात नेऊन ठेवले. बाकीच्यांनीही हलवले. मॅडम हळूच म्हणाल्या, "आपापला अंदाज ठेवला तरी चालतो हं." कुणी ऐकलं नाही.

निर्णय झाला. कडेकडेनं काढायचं, तेही उगवतीच्या टोकाकडून. आणि मेंढरं गायरानात सोडायची नाहीत, लोकरीतून बी जातं म्हणून. लोकांनी मारोतीला शिव्या दिल्या नाहीत. फक्त म्हणू लागले, अच्छा, म्हणजे ह्याच्या मेंढरांनी. दिवाळीपर्यंत त्यानं दुसऱ्यांच्या धुऱ्या-बांधांवर चारून बघितलं, मग मेंढरं विकली आणि नवरा-बायको टोळीबरोबर ऊस तोडायला गेले. दाराला कुलूप. ते कुलूप आमच्या ओट्यावरून दिसतं.

मी तेव्हा काय करत होतो म्हणाल? सगळ्यांबरोबर उगवतीला खुरपत होतो, मन लावून. आणि मावळतीला, आमच्या बांधापलीकडं, पाहुणं बी टाकत होतं.

वर्षानं मॅडम परत आल्या. गवत दुप्पट झालं होतं. त्यांनी वही उघडली आणि सरळच म्हणाल्या, आपल्या अंदाजाप्रमाणे एवढं पसरायला नको होतं. पहिल्या माहितीत कुठंतरी चूक आहे. चूक झाली तर लाज नाही, दरवर्षी परत बसायचं ते त्यासाठीच. मग माझ्याकडं बघून हसल्या. "काका, ते साल परत एकदा आठवून बघता का?"

याहून सोपं कुणी कुणाला काय करून देणार? आठवणीत चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. बी आणलं हेसुद्धा सांगायची गरज नव्हती. मारोती मेंढरं परत घेऊ शकला असता. पण मला ते हसू साधं वाटेना. मनात म्हणालो, हीच ती घडी, इथंच ही पकडणार. आणि मी साल बदललं नाही. उलट गोष्ट आणखी भरली. डहाळे आंब्याचे होते, म्हणालो. बरोबर मारोतीचा बाप होता, त्यानंच ते गवत मला दाखवलं, म्हणालो. मारोतीचा बाप वारलाय.

मॅडमनं लिहून घेतलं. त्या माझ्यावर संशय घेत नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं — त्या पेन टेकवून विचार करत होत्या की मग आपल्या पद्धतीतच काय चुकलं असेल. घरी आल्यावर सुलोचना भाकरी थापता थापता म्हणाली, "शोभाच्या लग्नात कोन कोनत्या पंगतीला बसलं, समदं ध्यानात हाय तुमच्या. आपली म्हैस तेवढी गोष्टीत येईना." मी म्हणालो, मीठ कमी आहे. त्या दिवसापासून ती शेजारणीशी बोलायला बसली की मी तिथं काहीतरी शोधायला जातो.

यंदाही चिंचोके मांडून झाले. मॅडम आल्या, बसल्या, गेल्या. मी काही बोललो नाही. निम्म्याच्या वर गायरान गेलं. गावातल्या गायी आता रस्त्याकडेला चरतात.

गेल्या महिन्यात मारोतीचा फोन आला, उसाच्या फडातून. मागं कोयत्यांचा आवाज, बायकोचा खोकला. इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाला, "पाहुणं हटलं का वो दादा?" मी म्हणालो, हटायलंय हळूहळू. तो म्हणाला, "मह्या मेंढरांनी गावाचं रान घालवलं. मव्हा बाप तुमाला दावून बी गेला म्हनं, अन् मला कळलं न्हाई. लय वाईट वाटतंय, दादा. गावात तोंड दावू वाटंना."

मी ओट्यावर बसलो होतो. समोर त्याचं दार.

मी म्हणालो, "जाऊ दे मारोती. मुद्दाम केलं का तू? गाव काही मनात धरत नाही."

तो म्हणाला, "तुमी म्हनलाव, बरं वाटलं."

मी त्याला माफ केलं.