सॅटर्नाइन स्थळ

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा एडवणला आमच्या घरी मला एक स्थळ आलं. मुलगा त्या बांधकामावर कारकून. दरमहा पगार! बाबांची स्वतःची होडी होती, पण पगार म्हटला की त्यांना समुद्रही फिका वाटे. मुलीच्या डोक्यावर मासळीची पाटी यायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

मुलगा पाहिला. चेहरा सुतकी. चहा दिला की सुस्कारा, पाणी दिलं की सुस्कारा. "जगण्यात काय राम नाय," एवढं एकच वाक्य बोलला, तेही सुरमईवर आडवा हात मारून झाल्यावर.

मी बाबांच्या पाया पडले, रडले. "ह्या रडक्याशी मी लगीन नाय करायची."

"तोंड बघून पोट भरत नाय. नोकरी हाय त्याला," बाबा म्हणाले. झालं. सुपारी फोडायचा दिवस ठरला.

त्या दिवशी मुलाबरोबर त्याचा मामा आला. पालघरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवणारा मास्तर. शिष्टपणा अंगात मावत नव्हता. आजीने सहज विचारलं, "मास्तर, तुमचा भाचा हसत कसा नाय वो?"

भाच्याच्या सुतकाला मोठेपणा द्यायची संधी मास्तर कशी सोडतील?

"आजी, अशा धीरगंभीर माणसाला इंग्रजीत सॅटर्नाइन म्हणतात. सॅटर्न म्हणजे शनी. शनीच्या छायेत जन्मलेला माणूस असा उदास होतो, असं तिकडचे जुने विद्वान मानत. त्यावरूनच हा शब्द आला. आमचा भाचा अगदी त्यातला!"

आमचे बाबा शनिवारी घरात खिळासुद्धा विकत आणत नसत. त्यांनी हातातली सुपारी ताटात ठेवली आणि ते उठले.

"अहो, हा नुसता शब्द आहे, शब्द!" मास्तर घाम पुसत राहिले. भाच्याने सुस्कारा टाकला. लग्न मोडल्याचा की सवयीचा, देव जाणे.

पाहुणे गेल्यावर बाबा मोठ्या फुशारकीने म्हणाले, "वाचवली गो तुला."

सुटल्याचा आनंद मला झालाच, खोटं कशाला बोलू? पण पोटची पोर पाया पडून सांगत होती, ते ह्या माणसाला ऐकू आलं नव्हतं. परमुलखातल्या कुठल्याशा शब्दातला शनी मात्र लगेच ऐकू आला. त्यांच्यासमोर मी पुन्हा कधी रडले नाही.