ताईंच्या चिठ्ठीतली ओळ

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे असं वाटत नाही, म्हणून आधीच माफी मागतो. मी ख्रिस्ती नाही. मिशनचं काम काय असतं, तिथली माणसं प्रार्थना करताना मनात काय करतात, यावर बोलावं इतकं मला कळत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही आणि प्रयोगवहीपलीकडे मी मोठं असं काही लिहिलेलं नाही. शिवाय सांगायचं आहे ते एका चिठ्ठीबद्दल, आणि ती चिठ्ठी माझी नव्हती. ईस्टरला चिठ्ठ्या जाळल्या की बोलायला हरकत नसते, असं त्या घरात मानतात. ती जळाली आहे. तरी लिहिताना दुसऱ्याची पेटी उघडल्यासारखं वाटतं.

नागपुरात मी राहतो ते घर एका मिशनरी संघाचं आहे. पुढे छोटं चॅपेल, मधे जेवणघर, मागे आम्हा खेड्यांतून आलेल्या चार विद्यार्थ्यांच्या खोल्या. घरात दोन फादर, त्यातल्या थोरल्यांनाच मी पुढे नुसतं फादर म्हणतो. शेजारच्या इमारतीत तीन सिस्टर. याशिवाय साध्या कपड्यांतली माणसंही असतात. ती ना फादर, ना सिस्टर. नोकरीधंदा सोडून तीन वर्षांसाठी मिशनला जाणारी. जाण्याआधी सहा महिने इथे सगळ्यांबरोबर राहतात, भांडी घासतात, परकी भाषा शिकतात. असंही मिशनरी होता येतं हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

आमचं गाव नरखेड तालुक्यात. बाबा नर्सरीत संत्र्याची कलमं बांधतात. मी या घरात राहतो म्हटल्यावर गावात कुजबुज झाली. एका काकांनी तर फोनवर विचारलं, "तुयावर पाणी गिणी तं नाही शिंपडलं न गा?" आईने फोन हिसकून घेतला आणि एवढंच विचारलं, "जेवाले बरं भेटते न? मंग ऱ्हाय तिथंच."

ताई तशा साध्या कपड्यांतल्या मिशनरी होत्या. वय पस्तिशीचं, शिक्षण लॅब टेक्निशियनचं. घर नागपुरातच, आई एकटी. मी मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाला होतो आणि मला मायक्रोस्कोपमधून काहीच दिसत नसे. दिसतं म्हणून मी खोटंच सांगायचो. ताईंनी ते दोन मिनिटांत ओळखलं. "एक डोळा मिटतोस म्हणून थकतोस," त्या म्हणाल्या. "दोन्ही उघडे ठेव. घाबरू नको, ज्याला पाहायचंय तोच पाहील." आठवडाभरात मला मलेरियाचे जंतू ओळखता यायला लागले.

त्यांना आफ्रिकेतल्या एका देशात, जंगलाकडच्या गावातल्या मिशनच्या दवाखान्यात पाठवलं. निघायच्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचा, अशी रीत आहे. माझी पाळी आली तेव्हा मी हात वरच्यावर धरला, टेकवला नाही. मी कोण ठेवणार, असं वाटलं. ताईंच्या आईंना मी काकू म्हणतो. काकूंनी तर हातही ठेवला नाही. त्या बॅगेत तिखटाची पुडी कोंबत होत्या.

"आई, तिकडे मिळतं तिखट," ताई म्हणाल्या.

"भेटत असन. आपल्यासारखं भेटते का वं?"

आता चिठ्ठ्यांचं सांगतो. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, पहिल्या रविवारी, या घरात एक पितळी भांडं फिरतं. प्रत्येकाने कागदावर आपलं नाव लिहायचं आणि खाली एका ओळीत, आपल्याला कशाची भीती वाटते ते. मग प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. चाळीस दिवस त्या माणसाची भीती तुम्ही वाहायची. कुणाची आहे, काय आहे, कुणाला सांगायचं नाही. बाहेरदेशी असलेले आपली ओळ फोनवर कळवतात, फादर ती न बोलता लिहून भांड्यात टाकतात.

मी संकोचून मागे उभा होतो. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सिस्टरांची जीभ तिखट आहे. "रविवारी तर्री-पोह्याले बरा पहिल्या पंगतीत असतोस," त्या म्हणाल्या. "भीती उचलाले काहून मागं?" सगळे हसले. मी पुढे झालो. माझ्या कागदावर मी लिहिलं, 'नापास होण्याची.' आणि उचललेली चिठ्ठी खोलीत येऊन उघडली.

ताईंचं नाव होतं. खाली फादरांच्या अक्षरात, 'इथल्या लोकांना सोडून मी पळून येईन याची.'

मला प्रार्थना करता येत नाही. मी ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवू लागलो, सकाळी खिशावर हात ठेवून ती ओळ एकदा मनात म्हणायचो. एवढंच. ही कसली विचित्र भीती, असंही वाटायचं. पळून येणाऱ्याला कसली भीती? भीती तर राहणाऱ्याला असते.

दोन आठवडे झाले असतील. सकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे चॅपेलमधल्या उपासनेनंतर, फादरांनी सांगितलं की ताईंच्या भागात लढाई सुरू झाली आहे. हत्यारबंद टोळ्या गावं जाळत दवाखान्याच्या दिशेने येताहेत. बाहेरच्या देशांतल्या लोकांना निघून जायला सांगितलं आहे. पण जायचं की राहायचं, ते संघाने ज्याच्या त्याच्यावर सोडलं आहे. त्या दिवशी पोह्यांना कुणी हात लावला नाही. फादरांचा फोन टेबलावर मधोमध ठेवलेला असायचा. तो वाजला की घास हातात थांबत. इन्शुरन्सवाल्याचा फोन आला, तर त्याच्यावरही सिस्टर ओरडल्या.

काकू रोज मिस्साला येत आणि नंतर व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. स्वतःचा फोन माझ्या हातात दिला.

"बाबू, मले टायपिंग जमत नाही. तू लिही. पोरगीले लिही की निघून ये."

"काकू, तुम्ही बोलूनच पाहा ना."

"बोलली नं. तीनदा बोलली. 'हो आई, पाहते आई' करते. ते पाहणार नाही. माहीत हाय मले, लहानपणापासून जिद्दी हाय." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. चॅपेलमधे कुणी तरी फरशी पुसत होतं, बादलीचा आवाज येत होता. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "लिही, मायची तब्येत बिघडली. मंग पोरगी येईन."

चिठ्ठी तेव्हा माझ्या खिशात होती. मी म्हणू शकलो असतो, काकू, हे नको. का नको, हे सांगता आलं नसतं. पण नको एवढं तरी म्हणता आलं असतं. मला मोठ्या माणसांना नाही म्हणायची सवय नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ताई यायला हव्या होत्या. मी घाबरलो होतो.

मी माझ्या नावाने लिहिलं, म्हणजे त्यांना खरं वाटेल: 'ताई, काकूंच्या फोनवरून मी लिहितोय. काकूंना दवाखान्यात ठेवलंय.' मग थांबलो. ते फार कोरडं वाटलं. मी पुढे लिहिलं, 'सारखं तुमचंच नाव घेतात.'

वाचून दाखवलं तेव्हा काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "मस्त लिहिलं गा," त्या म्हणाल्या. "कॉलेजात शिकून राहिला तं कामाले आलं."

ते शेवटचं वाक्य माझं होतं. काकूंनी ते सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी त्या संदेशापुढच्या खुणा निळ्या झाल्या. ताईंनी वाचलं होतं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या गावातले फोन बंद पडले.

आणखी दोन दिवसांनी फादरांनी जेवताना जे सांगितलं ते मी शब्दन् शब्द सांगू शकतो. दवाखान्यातून बाहेरच्या लोकांना घेऊन दोन गाड्या निघाल्या होत्या. कोणकोण बसलं होतं, माहीत नाही. रस्त्यात गोळीबार झाला. एक गाडी परत फिरली. दुसरीचा पत्ता नाही.

"कधी निघाल्या?" मी विचारलं.

फादरांनी वार सांगितला. खुणा निळ्या झाल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी.

त्यानंतर सोळा दिवस गेले. त्या दिवसांत मी काय वाचलं, कॉलेजात काय शिकवलं, मला काही आठवत नाही. आठवतं ते एकच. इतवारीच्या बाजारात सिस्टरांबरोबर तांदूळ आणायला गेलो असताना मागून टेम्पोचा टायर फुटला, तेव्हा मी पोत्यांच्या आड जाऊन बसलो. हमाल हसले. "काय भाऊ, बॉम्ब पडला काय?" सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी हात धरून मला उठवलं आणि घरी येईपर्यंत सोडला नाही.

काकू रोज फोन माझ्यापुढे धरायच्या. "पाह्य बरं, काही आलं का?" मी तोच संदेश पुन्हा उघडायचो. निळ्या खुणा तशाच. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो नाही. एकदा त्या फक्त म्हणाल्या, "गाडीत बसली असन का रे?" मी म्हटलं, "माहीत नाही काकू." त्यांनी मान हलवली आणि जपमाळ पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू केली.

सगळं घर ताई सुखरूप परत याव्यात म्हणून प्रार्थना करत होतं. त्यांना कशाची भीती वाटत होती ते मला एकट्याला ठाऊक होतं, आणि नेमकं तेच मी त्यांच्याकडून करून घेतलं होतं. त्या गाडीत बसल्या असतील तर माझ्या एका वाक्याने बसल्या होत्या. चिठ्ठी मी खिशातून काढून वहीत ठेवली. मग वही उघडायची भीती वाटायला लागली.

शेवटी मी फादरांना सांगितलं. ते चाळीस वर्षं विदर्भात राहिलेले, मूळचे दक्षिणेकडचे, पण बोलतात नागपूरकरासारखं. ऊन वाढलं होतं. आम्ही दोघं अंगणात जेवणघराचा कूलर उघडून जुन्या जाळ्यांतलं कुजलेलं गवत काढत होतो. मी खाली मान घालून सगळं बोललो. काकूंचं, माझं, शेवटच्या वाक्याचं.

फादर गवत उपटत राहिले. मग म्हणाले, "चिठ्ठी कोणाची उचलली होती तू?"

मी गवताचा गोळा टोपलीत टाकला.

"नाही सांगत? ठीक. तेवढं तरी पाळलं." त्यांनी हात झटकले. त्यांनी ओळखलं होतं. ती ओळ त्यांनीच तर लिहिली होती. "भीती वाहायला दिली होती गा तुले. तू आपलीच तिच्यावर लादून दिली."

मला वाटलं, आता ते मला घर सोडायला सांगतील. मी उभाच राहिलो.

"पकड इकडून," ते म्हणाले. मी जाळीचं दुसरं टोक धरलं. आम्ही नवं गवत भरलं. मग ते म्हणाले, "तिच्या मायले आज काही म्हणू नको. पोरगी सापडल्यावर तिलेच आपण दोघं मिळून खरं सांगू." सापडल्यावर, असं म्हणाले. नाही सापडल्या तर काय, हे मी विचारलं नाही.

झावळ्यांच्या रविवाराच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवाराच्या, आदल्या सकाळी आम्ही सगळे व्हरांड्यात शिंदीची पानं घेऊन बसलो होतो. रविवारी पानांचे छोटे क्रूस विणून लोकांना द्यायचे असतात. काकूंचे झरझर होत होते. माझा प्रत्येक क्रूस सुटत होता.

"हे काय करून राहिला?" सिस्टर म्हणाल्या. "तुया बाबाले कलमं बांधता येतात न? मंग तुले पान बांधता येत नाही?"

तेवढ्यात फादरांचा फोन वाजला. ते उठले नाहीत. बसल्याजागीच कानाला लावला आणि बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मधे एकदा डोळे मिटले. काकूंच्या हातातलं पान अर्धं दुमडलेलं तसंच राहिलं.

फोन ठेवून ते काकूंकडे वळले. "जिवंत आहे," ते म्हणाले. "दवाखान्यातच आहे. औषधांच्या कोठीत पेशंट घेऊन लपली होती इतके दिवस. गाडीत बसलीच नाही. बॅग ठेवली होती गाडीत, ऐन वेळी स्वतः उतरली. बॅग गेली, ती राहिली."

सिस्टर मोठ्याने रडायला लागल्या. काकू रडल्या नाहीत. त्या फादरांच्या तोंडाकडे बघत होत्या, कारण फादरांचं बोलणं संपलं नव्हतं. मग फादरांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिनं एकच विचारलं," ते म्हणाले. "आई गेली, की आहे अजून?"