गोविंदाचा टाळ आणि मागे पडणारा आवाज

कासूच्या मंदिरात पांढऱ्या कापडावर आमच्याच कीर्तनाचे चित्रण दाखवत होते, आणि गोविंदाचा टाळ चुकत होता. सूर्य पश्चिमेला उगवला असे कोणी म्हणाले असते तर एकवेळ मी उठून पाहिले असते, पण गोविंदाचा टाळ चुकला हे मी ऐकूनही घेतले नसते. आणि येथे तर डोळ्यांदेखत घडत होते! त्याचे दोन्ही हात जवळ येत, टाळाला टाळ भिडे, आणि नाद मात्र मागाहून येई, पंगत उठल्यावर पोहोचलेल्या पाहुण्यासारखा.

गोविंदा आमच्या भजनी मंडळाचा आघाडीचा टाळकरी. रोह्याकडच्या एका कंपनीत त्याने उभी हयात काढली. शिफ्ट संपली की गाडीने कासूला उतरायचे आणि घराआधी देवळाची पायरी गाठायची, हा त्याचा नेम. बोलणे मोजके. कोणी काही विचारले तर हसून "व्हय" म्हणायचे, एवढाच त्याचा संसारातला संवाद. पण गजराला उभा राहिला की तोच अबोल माणूस अंगाअंगाने बोलू लागे. पाऊल बोले, मान बोले, मनगट बोले. कीर्तनकाराने लय वाढवावी आणि त्याने ती न सांडता झेलावी, जशी आई धावत्या लेकराला झेलते.

सप्ताह तोंडावर आला होता. गेल्या वर्षीचे माझे काल्याचे कीर्तन रोह्याच्या प्रदीपने चित्रित केले होते. चित्र फोनवर आणि आवाज वेगळ्या यंत्रावर घेऊन त्याने दोन्ही एकत्र जोडले होते. ते सर्वांनी मिळून पाहावे म्हणून मंडळी जमली. नमनापर्यंत सारे यथासांग होते, पण उत्तरार्धात आवाज मागे पडू लागला. गजराच्या वेळी पडद्यावर दुसरे कोणीच नव्हते, केवळ गोविंदाचे हात होते. मागून कोणी खुसखुसले. कोणी म्हणाले, "म्हातारा झोपेत वाजवतोय व्हय?"

मंडळाचे अध्यक्ष महिपती माझ्या कानाशी लागले. "बुवा, गोविंदाचे हात थकले आता. यंदा पुढं दुसरा टाळकरी उभा करू. त्याला मागं बसवू, बोलायचं काय नाय."

मी गोविंदाकडे पाहिले. तो पहिल्याच रांगेत हात जोडून बसला होता आणि पडद्याकडे पाहत प्रसन्न हसत होता. एवढा अपमान, आणि मुखावर एवढी शांती! मनोमन मी त्याला नमस्कार केला. किती उथळ होता तो नमस्कार, हे मला पुढे कळले.

दुसऱ्या दिवशी मृदंग वाजवणारा हिरामण तावातावाने माझ्याकडे आला. "बुवा, त्या दिवशी मृदंग माझ्या गळ्यात होता. ह्याचा टाळ चुकला असता तर माझी थाप आधी अडखळली असती. काहीतरी त्या पिच्चरमधेच हाय." ते मला पटले. गोविंदाला घेऊन आम्ही रोह्याला प्रदीपच्या दुकानात जायचे ठरवले. निघताना त्याची बायको जानी दारात आडवी आली. "त्यांना कशाला नेताव? तुम्हीच बघून या ना." नवऱ्याची मानहानी तिला सोसवत नसेल, असे मी समजलो.

प्रदीपने सारे ऐकून घेतले आणि हसला. "बुवा, देवळातला स्पीकर बिनतारी. त्यात आवाज उशिरानंच येतो." त्याने तारेचा स्पीकर जोडला. तरीही गजर मागेच. त्याने दुसरा प्लेअर उघडला, तरी तसेच. मग कळ दाबत दाबत त्याने आवाज थोडा थोडा अलीकडे ओढला, आणि टाळ व नाद एकमेकांवर असे बसले की हिरामणने मांडीवर थाप मारली. पण थोडे पुढे जाताच पुन्हा फट पडली! प्रदीपचा चेहरा उतरला.

"आवाज सगळीकडं सारखाच उशिरा असता, तर एकदा अलीकडं घेऊन भागलं असतं. हा तर चालता चालता मागं पडतोय. चूक प्लेअरची नाय, माझ्या फाईलची हाय. फोन दर सेकंदाला सारखी चित्रं घेत नाय, उजेड कमी झाला की कमी घेतो. आवाजाचं यंत्र आपल्याच घड्याळानं चालतं. मी दोघांची गाठ फक्त सुरुवातीला मारली." मग त्याने चित्र मागे नेले. "आणि तुम्ही स्वतःचे ओठ बघा की बुवा!"

मी पाहिले आणि थक्क झालो. माझे ओठ आधी मिटत होते, शब्द नंतर येत होता! पडद्यावर मीही तेवढाच बेताल होतो. पण माझ्या ओठांकडे कोणी पाहिले नव्हते, सारे गाव एका माणसाच्या हातांवर हसले होते.

प्रदीपने चित्रांची गती एकसारखी करून घेतली. आरंभीचा एक टाळ आणि शेवटचा एक टाळ निवडला, हात भिडतात त्या क्षणावर नाद बसवला आणि मधला सगळा आवाज किंचित आवळला. मग तो कौतुकाने म्हणाला, "गोविंदाकाका, हात तुमचे. जुळलं का तुम्हीच सांगा."

घाईत त्याने जुनीच फाईल लावली. टाळ आधी, नाद मागे. गोविंदा पाहून म्हणाला, "बरोबर हाय."

प्रदीपला गंमत वाटली. त्याने आवाज आणखी मागे ढकलला. "आता?"

"बरोबर हाय."

"अरे गोविंदा, मस्करी करतोस व्हय?" हिरामण हसला.

प्रदीपचे बोट क्षणभर थांबले. मग त्याने आवाज पुरता बंद केला. पडद्यावर टाळ भिडत होते, सुटत होते, भिडत होते, आणि नाद कोठेच नव्हता. त्याने गोविंदाकडे तोंड करून विचारले, "आता?"

"आता तर एकदम बेस," गोविंदा म्हणाला.

आम्ही तिघे जागच्या जागी थिजलो. मला मंदिरातले ते प्रसन्न हसू आठवले. ती शांती नव्हती. त्याला काही ऐकूच आले नव्हते! आमचे चेहरे पाहून गोविंदा समजला आणि त्याची मान खाली गेली.

"कळलं ना? कंपनीतच कान गेले हळूहळू. आता काय्येक ऐकू येत नाय. घरात जानीला ठावं. बुवा, टाळ नका काढून घेऊ."

"मग वाजवतोस कसा?" हिरामणने हातांनी टाळ वाजवल्यासारखे करून विचारले.

"तुझ्या डाव्या हाताकडं बघून."

"म्हणून टक लावून बघायचास! मला वाटायचं, माझंच काय चुकतंय!" हिरामण हसू लागला आणि हसता हसता रडला.

मला राहवले नाही. माझ्या कीर्तनात करुण प्रसंगी पहिले डोळे याचेच भरत. त्याच्यासमोर उभा राहून मी सावकाश विचारले, "मग तुम्ही रडायचात कशाला?"

"सगळे रडायचे, बुवा. तुमचा चेहरा दिसायचा. मला ठाऊक होतं, देव कुठंतरी अडचणीत हाय."

मी वाकून त्याला नमस्कार केला, या वेळी मनोमन नव्हे.

सुधारलेले चित्रण मंदिरात पुन्हा दाखवले. प्रत्येक टाळ नादासह, प्रत्येक ओठ शब्दासह. महिपती हात जोडून उठले, "गोविंदा, चुकलो आम्ही," आणि नेमके बोलताना मान खाली घातली. गोविंदाला ओठ दिसले नाहीत. तो गोंधळून बायकांच्या बाजूला पाहू लागला.

जानी उभी राहिली. "त्यांना ऐकू येत नाय. बरीच वर्षं झाली. आता मंडळातून काढायचं तर काढा."

"काय सांगतेस गो!" कोणी बाई उद्गारली. महिपती गोविंदाजवळ गेले, त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला आणि गाव हादरेल अशा आवाजात म्हणाले, "पुढच्या रांगेत! हिरामणच्या समोर!"

"ओरडता कशाला?" गोविंदा म्हणाला. "नुसते ओठ हलवलेत तरी पुरे."